पडद्यावरचा रुमाल

खिशातून पांढरा रुमाल काढायचा, घडी मोडून एकदा झटकायचा आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर असा टाकायचा की एकही अक्षर दिसता कामा नये. मग कीबोर्डपुढे बसलेल्या माणसाला सांगायचं, "हं, करा टाइप. बोटं बघू द्या."

दुरुस्तीला आलेला माणूस आधी पडदाच झाकतो, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू यायचं. डॉक्टरनं आल्या आल्या पेशंटच्या तोंडावर चादर ओढावी, तसं ते दिसे. मीही हसलो होतो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हसा. पडदा सगळेच बघतात. पडद्यावर चूक दिसली की समोर बसलाय त्यानंच केली, असं धरून चालतात. मी आधी बोटं बघतो. ती निर्दोष सुटली की मग यंत्राची चौकशी."

त्यांना सगळे रुमालवाले म्हणत. चांगलं भारदस्त नाव होतं त्यांना. पण कर्जतपासून खोपोलीपर्यंतच्या ज्या ज्या ऑफिसांत ते जात, तिथे ते नाव कुणाला आठवत नसे. मीही ते इथे लिहीत नाही.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात मी हजेरीच्या खिडकीवर कारकून होतो आणि युनियनची पत्रकं लिहायचो. पत्रकांवरच वाढलो म्हणा. वडिलांनी उरलेली पत्रकं फडताळात अंथरलेली असत. डबा काढताना जी अक्षरं दिसायची, त्यांवरून मी वाचायला शिकलो. त्यामुळे कुठेही काही बिघडलं की हे मुद्दाम कुणी केलं असणार, अशी माझी समजूत आधी होते. रुमालवाल्यांची समजूत आधी होत नसे. आमचं पटलं कसं, याचं मला अजून नवल वाटतं.

ते कर्जतजवळच्या भिसेगावात राहत. आधी कर्जतच्या बाजारात त्यांचा टायपिंगचा क्लास होता. "निम्म्या तालुक्याच्या बोटांना मी वळण लावलंय," असं ते सांगत, आणि ते फारसं खोटं नव्हतं. पुढे टाइपरायटरचे दिवस सरत चालले, तेव्हा पन्नाशीच्या आसपास ते मुंबईच्या एका कॉम्प्युटर विकणाऱ्या कंपनीत लागले. आमच्या भागातल्या गिऱ्हाइकांची दुरुस्ती त्यांच्याकडे. खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, रंगाचा एक जुना मऊ ब्रश, फ्लॉप्यांचा डबा आणि दोन जादा रुमाल.

चहाचा त्यांना भारी नाद होता. आणि तरीही नियम असा की, "आधी दोष, मग चहा." कुठल्याही ऑफिसात गेलं की शिपाई चहा आणणारच. ते कप बाजूला ठेवत, त्यावर बशी उपडी घालत आणि कामाला लागत. दोष लवकर सापडला तर चहा गरम, नाही तर जसा असेल तसा. दोष सापडेना की त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या बशीकडे जाई आणि आवाज चढे.

आमचा शिपाई म्हादू त्यांना म्हणायचा, "काका, तुमचा दोष घावंपर्यंत आमचा चा पार मरून जातो बगा."

"मग लवकर मरणारा चहा करू नकोस. आलं घाल जरा."

"आल्यानं चा जगतो व्हय?"

"माणूस जगतो. ठेव तिथे."

त्यांची आणखी एक सवय होती, आणि ती ध्यानात ठेवा, कारण पुढे तीच नडली. कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी ते म्हणत, "बंद करा. दमानं घ्या. चालू करा." मध्ये डोळे मिटून क्षणभर उभे राहत. देवाचं नाव घेत असावेत. "निम्मी दुखणी झोपेनं जातात," असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर कीबोर्ड उचलून उपडा करायचा आणि पाठीवर थोपटायचं, तान्ह्या पोराची ढेकर काढतात तसं. त्यातून काय काय पडे! कुरमुरे, विडीची राख, टाचण्या, एकदा तर कानातल्या डुलाची फिरकी. पडलेलं बघून ते त्या ऑफिसची सगळी कुंडली मांडत. "इथे दुपारी पडद्यासमोर जेवतात. आणि शेव फार खातात."

खालापूरजवळच्या एका भातगिरणीतली गोष्ट ते रंगवून सांगत. तिथल्या कारकुनाचे शब्द एकमेकांना चिकटून येत होते आणि मालक त्याच्यावर खेकसत होता. रुमालवाल्यांनी पडदा झाकला, बोटं बघितली. कारकून बिचारा प्रत्येक शब्दानंतर जागा सोडायच्या लांब पट्टीवर व्यवस्थित अंगठा मारत होता. मग कीबोर्ड उपडा केला, तर टेबलावर अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या. खंडेनवमीला गिरणीतल्या सगळ्या हत्यारांबरोबर मालकाच्या आईनं कीबोर्डचीही पूजा केली होती. हळदकुंकू ओलं करून लावलं होतं, ते वाळून ती लांब पट्टी खाली घट्ट बसली होती. ब्रशनं ते खरवडायला लागले, तशी म्हातारी बाहेर आली. "पूजा केलेली हाय ती. झटकताय काय?" यांनी हात जोडले. "आजी, पुढच्या साली पूजा त्या मोठ्या डब्याची करा. हा नुसता त्याचा पोरगा आहे, याच्यासमोर पान-सुपारी ठेवली तरी चालेल." म्हातारीनं ते मान्य केलं. कारकून सुटला. चहा गरम मिळाला.

आता आमच्या कारखान्याचं सांगतो.

आमच्याकडे गणपत नावाचा कामगार होता. पोरसवदा नव्हे, चांगला जुना, हात बसलेला माणूस. एका यंत्राच्या दुरुस्तीचं काम अर्धवट होतं. हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी काढलेली होती आणि तशी पाटी लावलेली होती; इंग्रजीत. गणपतला वाचता येत होतं, मराठी. त्यानं रोजच्या सवयीनं हात घातला. उजव्या हाताची बोटं गेली.

त्या वेळी मी जे पत्रक लिहिलं, ते अजून मला पाठ आहे. सगळं सांगत नाही. मागणी एवढीच होती की ज्यानं हात घालायचा, त्याच्या भाषेत पाटी पाहिजे. गेटवर सभा झाल्या, बोलणी झाली आणि व्यवस्थापनानं मान्य केलं. कॉम्प्युटरवर मराठी उमटवण्याची सोय रुमालवाल्यांच्या कंपनीकडून बसवून घेतली. मराठी टाइप करायला शालिनी नावाची मुलगी घेतली, कच्च्या नोकरीवर. आणि एक मेख मारून ठेवली: दिवाळीपर्यंत बघू. जमलं तर मराठी पाट्या चालू राहतील, नाही तर होतं तसं.

शालिनी पोशीरची. घरी भातशेती. ती सायकलनं नेरळला यायची, तिथून पुढे. टायपिंग शिकली होती रुमालवाल्यांच्याच क्लासात. पहिल्या दिवशी तिनं कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढल्या. त्या काळी काढायच्याच असत, आत गारवा आणि काचेचं दार, देवघरासारखा थाट. काढता काढता ती मला म्हणाली, "आमच्या गावात सांगून झालंय सगळ्यांना. आई म्हणते, आमची शालू थंडगार खोलीत बसते."

पहिले काही आठवडे झकास गेले. मग प्रिंटर बदलला आणि थोड्याच दिवसांत पाटी बिघडली.

बिघडली म्हणजे कशी? अक्षरं मराठीच, पण वाचायला गेलं तर एक शब्द लागेना. काना कुठे, मात्रा कुठे, जोडाक्षरांचा नुसता चिखल. शालिनीला टाइप करताना ते कळलं नाही, कारण टायपिंगच्या क्लासात पहिला धडा असतो: नजर कागदावर. ना कळांकडे, ना समोर. हातातला मजकूर संपला की तिनं छापायचा हुकूम दिला आणि गठ्ठा म्हादूकडे सोपवला. म्हादूनं न वाचता खात्यात नेऊन लावला.

खात्यात हसाहस झाली.

"ह्यो मंत्र हाय का रं?"

"मंत्र नाय रं, साहेबाची पत्रिका हाय."

"मंग राहू वक्री दिसतोय साहेबाचा!"

गणपत तेव्हा हलक्या कामावर परत आला होता. हात अजून फडक्यात. तो पाटीसमोर उभा राहिला, बराच वेळ वाचायचा प्रयत्न करत राहिला आणि म्हणाला, "आता हे पन आमाला वाचता येनार नाय व्हय?"

हसणं थांबलं.

कामगार अधिकारी, म्हणजे आमचे साहेब, यांनी शालिनीला बोलावलं. ती म्हणाली, मी बरोबर टाइप केलंय. साहेबांनी त्यांच्या इंग्रजी स्टेनोला त्याच कीबोर्डवर बसवलं. इंग्रजी अगदी स्वच्छ उमटलं. साहेब म्हणाले, "इंग्रजी बरोबर येतं, म्हणजे यंत्र ठीक आहे. मराठी चुकतं, म्हणजे मराठी टाइप करणारी चुकते." बघा, वरवर पाहता या बोलण्यात कुठे फट दिसते का? मला दिसली नव्हती. नुसता राग आला होता.

रुमालवाल्यांना बोलावलं. ते आले. म्हादूनं चहा ठेवला, त्यांनी बशी घातली. मग, "बंद करा. दमानं घ्या. चालू करा." पडद्यावर रुमाल टाकला. शालिनी टाइप करत होती, ते तिच्या बोटांवर वाकले होते. रुमाल उचलला. पडद्यावर स्वच्छ मराठी. काना जिथल्या तिथे.

कीबोर्ड उपडा केला. काही पडलं नाही. पुन्हा टाइप करवलं. पुन्हा बरोबर.

"बोटं बरोबर आहेत," ते म्हणाले.

"यंत्रही बरोबर आहे," साहेब म्हणाले. "मग चुकतं कोण? तुम्ही डोक्यावर उभे असलात की ती नीट टाइप करते. म्हणजे येतं तिला, लक्ष नसतं. आणि ती तुमचीच विद्यार्थिनी ना?"

रुमालवाले तिच्यासाठी काहीही म्हणाले असते, तरी विद्यार्थिनीची बाजू घेतली असं झालं असतं. त्यांनी बशीखालच्या कपाकडे पाहिलं आणि पिशवी उचलली. दोष सापडला नाही, चहा नाही. आमच्याकडून तसे ते पहिल्यांदाच गेले.

दारात शालिनी उभी होती. "पोरी, तुझी बोटं बरोबर आहेत," ते म्हणाले.

"मला ठाऊक आहे, काका. साहेबांना पटवा ना."

फाटकापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो. माझ्या डोक्यात मथळा तयार होता. मुलगी नको, मराठी नको, म्हणून व्यवस्थापनानं मुद्दाम यंत्र बिघडवलंय. आता कॉम्प्युटरच हटवा म्हणून पत्रक काढतो, असं मी म्हणालो.

"काय पत्रकवाले," ते थांबून म्हणाले, "कॉम्प्युटर हटला की उद्या तिथे पाटी कुठली लागेल?"

मी फाटकाकडे बघू लागलो.

"इंग्रजी. मग काढा पत्रक."

दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा तोच चिखल. या वेळी शालिनीनं लावण्याआधी पाहिला, स्वतःच फाडून टाकला. पण साहेबांच्या टेबलावर एक प्रत गेलीच होती. त्यांनी तिला सांगितलं, या शनिवारी शेवटचा दिवस. मराठी पाट्यांचा प्रयोगही थांबवू, म्हणाले. ती हजेरीच्या खिडकीशी आली. रडत नव्हती. "घरी काय सांगू?" ती म्हणाली. "माणसानं काढलं असतं तर सांगता आलं असतं. कॉम्प्युटरनं काढलं, असं कसं सांगायचं? म्हणतील हिलाच येत नसणार."

मी कर्जतला गेल्यावर रुमालवाल्यांच्या घरी जाऊन त्यांच्या कानावर घातलं. कंपनीला फोन केला होता, असं ते म्हणाले. कंपनीनं सांगितलं होतं, चालवणाऱ्याची चूक असं लिहा आणि विषय मिटवा. "बोटं चुकली असती तर मिटला असता," एवढंच बोलून ते आत गेले.

शनिवार त्यांचा सुट्टीचा वार. तरी सकाळी कारखाना सुरू व्हायच्या वेळेला ते फाटकाशी हजर. कुणी बोलावलं नव्हतं.

"काका, आज कशे?" म्हादूनं विचारलं.

"तुझा चहा प्यायचा राहिलाय."

खोलीत आल्यावर मी आपला यंत्राच्या बटणाकडे वळलो. मला वाटलं, बंद करा, दमानं घ्या. ते एकदम ओरडले, "हात लावू नका!" मग शांतपणे म्हणाले, "आज कुणी काही बंद करायचं नाही. गेल्या वेळी मीच ते झोपवलं आणि उठवलं. दुखणं होतं तेही त्यात गेलं. डॉक्टरनं दारातच पेशंटला बरा केला, मग आजार कुठून दिसणार? आज हिनं रोजचं काम रोजच्यासारखं करायचं. मी इथे नाही."

आणि खरोखरच ते नसल्यासारखे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. म्हादूनं चहा ठेवला. बशी घातली गेली.

शालिनीनं सकाळची पहिली पाटी टाइप केली. बरोबर. छापली. तो नवा प्रिंटर किरकिर करत कागद बाहेर ढकलू लागला. वाचलं, बरोबर. तिनं दुसरा मजकूर घेतला, तसे ते उठले आणि पडद्यावर रुमाल टाकला. तिची नजर कागदावर, यांची तिच्या बोटांवर. मजकूर संपला. त्यांनी रुमाल उचलला.

चिखल.

शालिनी खुर्चीतून अर्धी उठली. "काका, शपथ—"

"बस. मी बघत होतो. एक बोट चुकलं नाही." त्यांचा आवाज अगदी हळू होता. "पहिल्या आणि दुसऱ्या पाटीच्या मध्ये काय केलंस?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नुसती छापली."

ते तिच्याकडे बघत राहिले. "छापली," ते म्हणाले.

आता त्यांनी स्वतः यंत्र बंद केलं आणि चालू केलं; पण डोळे मिटले नाहीत. तिला दोन मजकूर लागोपाठ टाइप करायला लावले, न छापता. दोन्ही बरोबर. मग एक छापायला लावला आणि पुढचा टाइप करवला. चिखल. पुन्हा पहिल्यापासून तेच केलं. पुन्हा तसंच झालं.

"छापलं की बिघडतं," शालिनी म्हणाली. तिला आधी समजलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, दोष सापडला, आता चहा मागतील. त्यांनी कपाकडे पाहिलंसुद्धा नाही. स्टुलावर जाऊन बसले आणि रुमालाची घडी करत राहिले. पुन्हा मोडत, पुन्हा करत.

मग म्हणाले, "साहेबांना बोलवा."

साहेब आले. रुमालवाल्यांनी त्यांना सगळं करून दाखवलं. साहेब हुशार माणूस, दोनदा बघितलं आणि विचारलं, "का होतं असं?"

"साहेब, हिनं दाबलेली कळ यंत्राला थेट कळत नाही. मध्ये एक दुभाष्या बसलेला असतो. कुठली कळ म्हणजे कुठलं अक्षर, ते तो यंत्राला सांगतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात."

"डायवर?" दारातून म्हादू म्हणाला. "मंग हाकायचं काय हाय हितं?"

"तूच हाकला जाशील, गप," साहेब म्हणाले. "पुढे बोला."

"हिच्या हाताला टाइपरायटरची कळांची मांडणी बसलीय. आपला दुभाष्या ती मांडणी जाणतो. प्रिंटरचा दुभाष्या वेगळा. दोघांना बसायला जागा एकच. प्रिंटरवाला सकाळी झोपलेला असतो. पहिला कागद छापताना जागा होतो आणि आपल्याला तिथून ढकलतो. मग कीबोर्डला मराठीची दुसरीच मांडणी लागू होते. ही दाबते एक, उमटतं भलतंच. ज्या दिवशी एकच पाटी असते, त्या दिवशी काही कळतही नाही. इंग्रजीला दुभाष्या लागत नाही, म्हणून तुमच्या स्टेनोचं बिघडलं नाही. यंत्र बंद करून चालू केलं की दोघं पुन्हा आपापल्या जागी, सगळं ठीक. म्हणून मी आलो त्या दिवशी काही दिसलं नाही."

"उपाय?"

"प्रिंटरवाल्याला आधी बसवायचं, आपल्याला नंतर. म्हणजे तो ढकलणार नाही. सुरुवातीच्या सूचनांत दोन ओळींची अदलाबदल. लगेच होईल."

मग साहेबांनी जो प्रश्न विचारला, तो त्यांच्या जागी मीही विचारला असता. "पण उलटं बसवलं कुणी?"

रुमालवाल्यांना कंपनीचं नाव घेता आलं असतं. प्रिंटर बनवणाऱ्याचं घेता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं, मला तर नाहीच.

"मी," रुमालवाले म्हणाले. "नवा प्रिंटर बसवला त्या दिवशी. कर्जतची एसटी चुकत होती. एक कागद छापून बघितला, बरा आला, निघालो. छापल्यानंतर टाइप करून बघितलं नाही. दोष ना या मुलीचा, ना यंत्राचा. दोष माझा."

त्यांनी त्या दोन ओळी बदलल्या. शालिनीनं टाइप केलं, छापलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा छापलं. या खेपेला पडद्यावर रुमाल नव्हता. सगळे पडद्याकडे बघत होतो आणि ते एकटे तिच्या बोटांकडे.

"दोष सापडला," ते म्हणाले. "म्हादू, चहा."

"थांबा काका, ताजा टाकतो."

"नको. हाच." त्यांनी बशी काढली. चहावर साय धरली होती. ती बोटानं बाजूला करून ते उभ्यानं, सावकाश सगळा प्यायले.

दुपारी पाटी खात्यात लागली. 'जाळी काढलेली आहे. यंत्रात हात घालू नका.' रुमालवाल्यांना खात्यात जायची परवानगी नव्हती, ते दाराशी उभे राहिले. गणपत पाटीसमोर गेला. डाव्या हाताचं बोट एकेका शब्दाखाली फिरवत त्यानं ती मोठ्यानं वाचली. पुरी वाचली. मग वळून म्हणाला, "लागतंय रं, सगळं लागतंय!" दाराशी पाहिलं तर रुमालवाले निघून गेले होते. त्यांची एसटी असणार.

शालिनी राहिली, दिवाळीनंतर पक्की झाली. साहेबांनी तिला सांगितलेलं मागे घेतलं आणि तिची माफीही मागितली, हे लिहायला पाहिजे. मी पत्रक लिहीत असतो तर गाळलं असतं. पण त्यांनी कंपनीकडेही झाला प्रकार कळवला. आणि कंपनीनं रुमालवाल्यांना काढून टाकलं.

मी पेटलो. पत्रक एका बैठकीत लिहिलं. खरं बोलणाऱ्याचा बळी, नफेखोर कंपनी, सगळं त्यात होतं. छापायला देण्याआधी दाखवावं म्हणून भिसेगावला गेलो. ते बनियनवर ओट्यावर बसून पिशवीतल्या वस्तू पुसत होते. काकूंनी चहा आणला. त्यांनी लगेच उचलला. मी बघतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. "इथे काय शोधायचंय? प्या."

पत्रक त्यांनी दोनदा वाचलं.

"चांगलं लिहिता," ते म्हणाले. "पण यात मी कुठाय?"

"सगळं तुमच्याबद्दलच आहे."

"हा कुणी तरी बिनचूक माणूस आहे. मी चुकलो होतो. एक पोरगी माझ्या घाईपायी घरी बसली असती. ते यात कुठे आहे?"

"काका, तसं लिहिलं तर पत्रकाचा जोर जातो."

"मग जाऊ द्या जोर." त्यांनी कागदाची रुमालासारखी चौकोनी घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "गणपतच्या यंत्राची पाटी आहे ना जाग्यावर? ओलीनं खराब होते. बदलत जा म्हणावं शालूला."

येताना मी आठवून पाहत होतो. फडताळातली, सभांतली, माझी स्वतःची, आजवर वाचलेली सगळी पत्रकं. 'दोष आमचा' हे वाक्य एकाही पत्रकात नव्हतं. ते पत्रक मी छापलं नाही. अन्याय झाला होता असं मला तेव्हा वाटत होतं, अजून वाटतं; पण ज्याच्यावर झाला, त्याला खोडून तो मांडता येईना.

पुढच्या उन्हाळ्यात भिसेगावचं त्यांचं घर बंद दिसलं. मुलीकडे राहायला गेले, शेजारी म्हणाले. कुठे, ते त्यांना नीट सांगता आलं नाही. घाटावर कुठेसं.

आता दुरुस्तीला मुंबईहून एक तरुण इंजिनिअर येतो. चांगला मुलगा आहे. आल्या आल्या चहा घेतो, यंत्र बंद-चालू करतो, ठीक आहे म्हणतो आणि जातो.

खोलीत दुसऱ्या कॉम्प्युटरवर आता एक नवी मुलगी बसते. परवा तिचं काही तरी चुकलं. इंजिनिअर येऊन गेला होता. यंत्रात काही नाही, असं सांगून गेला होता. मुलगी खाली मान घालून बसली होती आणि साहेब काचेच्या दारातून आत येत होते.

शालिनी उठली. तिनं आपला खण उघडला. त्या शनिवारी रुमालवाले एक रुमाल विसरून गेले होते. मला वाटलं होतं, तो केव्हाच कुणाच्या तरी हात पुसायच्या कामी आला असेल. धुतलेला, इस्त्री केलेला होता. तिनं घडी मोडली, एकदा झटकला आणि त्या मुलीच्या पडद्यावर टाकला.

"घाबरू नको गं," ती म्हणाली. "कर टाइप. बोटं बघू दे."

म्हादू चहा घेऊन आला होता. शालिनीनं नजर न हलवता एक हात मागे केला, कप घेऊन बाजूला ठेवला आणि त्यावर बशी उपडी घातली.